शंभरातला सत्ताविसावा हुसेन

चित्राखाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने २७/१०० असं लिहिलेलं दिसलं की लोक आधी किंमत विचारतात. मी रत्नागिरीत सासऱ्यांच्या मागे स्क्रीन प्रिंटिंग करते. मला त्या आकड्यात दिलेला शब्द दिसतो. शंभरच प्रती काढल्या, ही सत्ताविसावी, यापुढे निघणार नाहीत. उजवीकडे चित्रकाराची सही, तीही पेन्सिलीनेच.

मकबूल फिदा हुसेन यांची अशी बरीच चित्रं निघाली. जन्म पंढरपूरचा, १९१५चा. मुंबईत त्यांनी सिनेमाची होर्डिंगं रंगवली. १९४७मध्ये सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते. त्यांचे घोडे, त्यांची मदर तेरेसा मूळ कॅनव्हासवर घेणं मध्यमवर्गाच्या आवाक्यातलं नव्हतं. छापलेला, सही केलेला हुसेन मात्र एखाद्या डॉक्टरच्या किंवा प्राध्यापकाच्या भिंतीवर येऊ शकत होता.

त्याला सेरीग्राफ म्हणतात, पण काम आमच्या लग्नपत्रिकेचंच. चौकटीवर बारीक जाळी ताणायची, तिला इमल्शन लावायचं आणि पॉझिटिव्ह ठेवून उजेड द्यायचा. उजेड लागला तिथे इमल्शन घट्ट होतं, बाकीचं पाण्याने निघून जातं. त्या मोकळ्या भोकांतून रबरी स्क्विजीने शाई कागदावर उतरवायची. एका रंगाला एक फ्रेम. पत्रिकेचं लाल आणि सोनेरीत भागतं. चित्राला वीस रंग असले तर वीस फ्रेम, आणि शंभर प्रतींसाठी दोन हजार वेळा स्क्विजी ओढायची. दर वेळी कागद त्याच जागी बसला पाहिजे. जुलैत आमच्याकडे कागद दमट होऊन फुगतो. सकाळी जुळवलेलं रजिस्टर दुपारपर्यंत केसभर सरकतं आणि घोड्याच्या मानेशी पांढरी रेघ उघडी पडते. तो कागद बाद. म्हणून शंभर चांगल्या हव्या असतील तर जास्तीचे कागद घेऊनच बसावं लागतं.

प्रती पुऱ्या झाल्या की जाळी धुवायची. दिलेला शब्द इथेच पाळला जातो. एरवी आणखी पाचशे काढायला काय लागतं?

अँडी वॉरहॉलने १९६७मध्ये मेरिलिन मन्रोचे दहा छापे केले, प्रत्येकी २५० प्रती. बाजारातलं तंत्र त्याने मुद्दाम कलादालनात नेलं. हुसेन यांच्या बाबतीत मला प्रतींचा दुसराच अर्थ महत्त्वाचा वाटतो. देवतांच्या रेखाटनांवरून १९९६पासून त्यांच्यावर हल्ले आणि खटले सुरू झाले, २००६मध्ये त्यांनी देश सोडला. ८ मे २००८ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे अश्लीलतेचे खटले रद्द केले. तरी त्याच वर्षी दिल्लीतल्या इंडिया आर्ट समिटमध्ये, हल्ल्याच्या भीतीने, त्यांचं एकही चित्र लावलं नाही. २०११मध्ये लंडनला त्यांचं निधन झालं, तेव्हा ते कतारचे नागरिक होते. त्यांची काही चित्रं मलाही पटत नाहीत. पण पंढरपूरच्या माणसाला परक्या देशाचं नागरिक होऊन मरावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं. दालनातलं एक चित्र उतरवता येतं, फाडता येतं. शंभर घरांतल्या शंभर भिंती कोण उतरवणार?

कुणी असा छापा घ्यायचा म्हणत असेल तर भिंग घेऊन जावं. बारीक रंगीत ठिपके दिसले तर ती यंत्राची नक्कल आहे. खऱ्या छाप्यात रंगाचा सलग थर असतो आणि कागद उजेडात तिरपा धरला की त्या थराची कड दिसते. सही छापलेली नाही ना, तेही पाहावं. आणि विक्रेत्याला छापणाऱ्याचं नाव विचारावं. परदेशातल्या काही कार्यशाळा कागदाच्या कडेला आपला उठावाचा शिक्का मारतात. आपल्याकडच्या कितीतरी छाप्यांवर दोन हजार वेळा स्क्विजी ओढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. ते प्रमाणपत्रावर तरी असायला हवं, आणि विकत घेणाऱ्यांनी मागितलं तरच ते येईल.