पायाखालची खबर

शिकाऊ गाडीच्या मागच्या सीटवर जरा डावीकडे सरकून बसलं, की चालवणाऱ्याचा डावा पाय गुडघ्यापासून खाली नीट दिसतो. पुण्याच्या उपनगरांत सकाळी सातच्या आत, रस्ते मोकळे असताना, मोटार ट्रेनिंगवाल्यांच्या गाड्या आतल्या गल्ल्यांतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असतात. अशाच एका गाडीत मी बसलो होतो. चालवायला पन्नाशीच्या एक बाई, शेजारी सर.

"मॅडम, रेसला पायच लावायचा नाही. फक्त क्लच. सोडा हळू… अजून… अजून थोडा… पायाला थरथर लागली? तिथंच धरा."

बाईंचा पाय थांबला. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित वर आल्यासारखं वाटलं आणि गाडी रेस न देता आपली आपण चालायला लागली. बाई खाली वाकून पाय बघायला गेल्या. "खाली नका बघू," सर म्हणाले, "पायाला विचारा."

त्या क्षणी आत काय होत असतं? क्लचप्लेट एका बाजूने फिरत्या फ्लायव्हीलला आणि दुसऱ्या बाजूने प्रेशर प्लेटला नुकती टेकत असते. पुरती चिकटलेली नसते, घसरत असते. त्या घासण्याचा कंप फरशीतून येतो, सीटमधून येतो आणि क्लच केबलवर असेल तर केबलमधून थेट पेडलवर येतो. सरांच्या हिशेबाने ज्याला हा कंप कळला तो अर्धी गाडी शिकला. प्लेट झिजत जाते तसा हा टेकण्याचा बिंदू वर वर सरकतो. मालकाला रोजच्या सवयीत ते जाणवत नाही, दुसरा कुणी गाडीत बसला की पहिल्याच सिग्नलला विचारतो, "क्लच फार वर आलाय का हो?"

मला जास्त मजा वाटली ती सरांच्या पायाची. त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक आहेत, लोखंडी दांड्याने बाईंच्या पेडलला जोडलेले. बाईंनी क्लच दाबला की सरांचंही पेडल खाली जातं. सरांचा बूट त्यावर नुसता टेकलेला. नजर रस्त्यावर, बोलणं भलतंच काहीतरी, आणि मध्येच, "मॅडम, ब्रेकवर पाय ठेवून बसलायत, काढा." एका दांड्यातून दुसऱ्याच्या पायाची भीती, घाई, आळस हे सगळं त्यांच्यापर्यंत पोचत होतं.

पेडल ही हुकूम द्यायची जागा, असं आपण धरून चालतो. पण ज्या तारेतून किंवा तेलातून हुकूम खाली जातो त्याच वाटेने उत्तरही वर येतं. निदान येत असे, आणि तेही फुकटात.

हे उत्तर वाचण्याचा धंदा बघायचा तर गॅरेजात ब्रेकची एअर काढताना उभं राहावं. कामाला दोघं लागतात. मिस्त्री चाकापाशी बसलेला, ब्रेकच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडलेलं. पोऱ्या गाडीत, पाय ब्रेकवर.

"मार… मार… मार… धर!"

"धरलं!"

मिस्त्री पान्याने निपल पाव आटा सैल करतो. फस्स करून नळीत काळपट तेल आणि बुडबुडे येतात, आणि आत पोऱ्याच्या पायाखालचं पेडल थेट फरशीला जातं. "सोडू नको!" निपल आवळला जातो. "सोड." परत मार, मार, मार. आधी मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक, मग जवळजवळ येत जायचं. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाइपात हवेचा एक फुगा राहिला तरी पायाचा अर्धा जोर तो फुगा दाबण्यातच जातो. म्हणून पेडल मऊ लागतं. बाटलीतले बुडबुडे थांबले तसं मिस्त्री उठायला लागला, तर आतून पोऱ्या म्हणाला, "थांबा, अजून आहे." मिस्त्रीने वाद घातला नाही, परत बसला. पुढच्या खेपेला खरंच एक बुडबुडा आला.

याच गॅरेजात बूस्टर तपासण्याची युक्ती पाहिली, ती कुणालाही घरी करता येईल. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा. साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं कडक होतं. तसंच दाबून धरून स्टार्टर मारायचा. पायाखाली पेडल किंचित खाली बसलं, तर बूस्टर ठीक. ज्याला ही खूण माहीत नाही तो घाबरतो. ज्याला माहीत आहे तो तिचीच वाट बघतो.

या बूस्टरच्या पोटात रबराची एक छोटी चकती असते. व्हॅक्यूम बूस्टर आपल्या पायाचा जोर कितीतरी वाढवतो. सगळंच काम त्याने केलं असतं, तर पायाला काहीच लागलं नसतं आणि ब्रेक किती लागला हे गाडी थांबल्यावरच कळलं असतं. ती चकती पुढच्या दाबाचा ठरावीक हिस्सा पेडलकडे परत पाठवते. पायाला खबर मिळावी म्हणून मुद्दाम घातलेला पुर्जा, आणि तोही कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा! गाडी बनवणाऱ्यांना हे शहाणपण नव्याने सुचलं असं जाहिरातींवरून वाटतं, म्हणून सांगितलं.

गॅरेजात येणारी कायमची तक्रार म्हणजे "ब्रेक मारला की पेडल थडथडतं." मिस्त्री गाडीला हात लावायच्या आधी दोन प्रश्न विचारतो. दरवेळी होतं की एकदाच झालं? आणि वेग कमी झाला की थडथड मंदावते का? दरवेळी होत असेल आणि वेगाबरोबर मंदावत असेल, तर डिस्क एकसारख्या जाडीची राहिलेली नाही; प्रत्येक फेऱ्यात जाड भाग पॅडला मागे ढकलतो, पॅड तेलाला आणि तेल पायाला. पण वाळूवर किंवा पहिल्या पावसाच्या निसरड्यावर करकचून ब्रेक मारला, एकदाच झालं, आणि पायाला ड्रिल मशिनसारखा बारीक, वेगवान मार बसला, सोबत खालून करकर आवाज आला, तर बिघाड काही नाही. एबीएस कामाला लागलं होतं, एवढंच.

एबीएसचा हा मार सिग्नल म्हणून बनवलेला नाही. चाक अडकतंय असं दिसलं की त्या चाकाचा दाब झडपा क्षणभर सोडतात, आणि सोडलेलं तेल एक पंप परत मास्टर सिलिंडरकडे ढकलतो. सेकंदाला कितीतरी वेळा. पेडलवर लागतो तो त्या पंपाचा ठोका. बॉशने बनवलेलं इलेक्ट्रॉनिक एबीएस 1978 साली मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये प्रथम आलं. आपल्याकडे 2019 च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या मोटारींत ते सक्तीचं झालं. अडचण अशी, की ही थडथड माणसाला थांबायला सांगत असल्यासारखी वाटते. पायाखाली काहीतरी तुटतंय म्हणून चालवणारा पाय उचलतो, नेमका तेव्हाच, जेव्हा सगळा जोर लावून दाबून धरायला हवा. म्हणून कौशल्याचे कोर्स घेणारे लोक रिकाम्या मैदानात मुद्दाम एबीएस लागेपर्यंत ब्रेक मारायला लावतात. एकदा तळपायाने अनुभवलं की पुढच्या वेळी पाय बिचकत नाही. आपल्या ट्रेनिंग स्कूलांच्या धड्यात हे नसतं आणि माझ्या मते ही मोठी उणीव आहे. समांतर पार्किंग चुकलं तर बंपर जातो. इथे जास्त काही जाऊ शकतं.

एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये आणि एसटीत गोष्ट अगदीच वेगळी. बोरघाट चढून वर आलेले ट्रकवाले गाडी बाजूला घेतात, चपला केबिनच्या कोपऱ्यात सरकवलेल्या, पाय अनवाणी. चामड्याचा जाड तळवा मध्ये नको असतो. पण अनवाणी पायालासुद्धा तिथे मोटारीइतकं कळत नाही. ट्रकचं ब्रेक पेडल ही एक झडप असते. तिला प्रतिकार येतो तो तिच्याच स्प्रिंगचा आणि सोडलेल्या हवेच्या दाबाचा. लायनर झिजले, ड्रम तापून फुगला, शू आणि ड्रममधलं अंतर वाढलं, यातलं काहीही पेडलला समजत नाही. तेलाच्या ब्रेकमध्ये हेच झालं तर पेडल खोल जाऊन बोंब मारतं. तेलाचीही एक मर्यादा आहेच. डॉट थ्री जातीचं ताजं ब्रेक ऑइल 205 अंश सेल्सिअसच्या खाली उकळता कामा नये, असा मानकाचा दंडक आहे. पाणी शोषलेल्या तेलासाठी हाच आकडा 140 वर येतो. उतारावर सतत ब्रेक दाबून धरला की ते उकळतं आणि वाफेने पेडल रिकामं पडतं. पण तिथे निदान पेडल सांगतं तरी.

एका जुन्या चालकाला विचारलं, मग तुम्हाला कळतं कशावरून? "काटा बघायचा, वास घ्यायचा, आणि मुळात ब्रेकवर उतरायचंच नाही," ते म्हणाले. "ज्या गिअरला चढली त्याच गिअरला उतरवा. एक्झॉस्ट ब्रेक दाबा. आमच्यातले काही डिझेल वाचवायला न्यूट्रल मारतात. मग दादा, पेडल कडक असतं आणि गाडी थांबत नाही." न्यूट्रलमध्ये उतरू नका, असं महामार्ग पोलीस घाटात वर्षानुवर्षं सांगत आलेत, त्याच्या मागे हे आहे. पायाला खबर मिळत नाही अशा गाडीत माणूस फार उशिरा घाबरतो.

आता मोटारींतही तो धागा तुटत चाललाय. रेसची केबल तर केव्हाच गेली. नव्या गाडीत ॲक्सिलरेटरला फक्त स्प्रिंग आणि दोन सेन्सर असतात. एक चुकला तर दुसरा साक्षीला. इंजिनापासून पायापर्यंत काहीच येत नाही. तरी पायाला ते बरं वाटावं म्हणून पेडलमध्ये मुद्दाम घर्षण ठेवलेलं असतं. दाबताना जास्त जोर लागतो, सोडताना कमी, म्हणजे खड्ड्यात पाय हलला तरी गाडी उचकत नाही. केबलमध्ये हे घर्षण आपोआप होतं. ती काढल्यावर ते बनवून घालावं लागलं.

इथून पुढची पायरी म्हणजे पेडलमध्ये मोटर बसवणं. निस्सानने 2009 च्या सुमाराला फुगा नावाच्या मोटारीत इको पेडल आणलं: गरजेपेक्षा जास्त रेस दिली की पेडल पायाला उलटं ढकलतं. बॉशने 2015 मध्ये आपलं पेडल दाखवलं तेव्हा इंधनात 7 टक्क्यांपर्यंत बचतीचा दावा केला. युरोपीय संघात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे, आणि ती कशी द्यायची याच्या मान्य पर्यायांत आवाज आहे, कंपन आहे आणि पेडलने पायाला मागे रेटणंही आहे. चालकाला ते रेटा देऊन मोडता येतं. तसं येऊ देणं नियमातच लिहिलंय.

कंपन आणि रेटा यांत मला फरक वाटतो. कंपन त्वचेला कळतं आणि बुटाच्या तळव्यात ते बरंच मरतं. रेटा घोट्याला आणि पोटरीला कळतो, जाड बुटातूनही. शिवाय कंपन म्हणतं, काहीतरी आहे बघ. रेटा म्हणतो, पाय उचल. एबीएसची थडथड लोकांना फसवते ती यामुळेच. तिला दिशा नाही. पण दोन्हींना एक मोठं भोक आहे. पाय पेडलवरच नसेल तर? हायवेवर क्रूझ कंट्रोल लावून पाय मोकळा सोडलेल्या माणसाला पेडल कितीही ढकलू दे.

आणि केबल किंवा तेल जे सांगायचं ते कुणी ठरवलेलं नसे. मोटर जे सांगते ते कुणीतरी ऑफिसात बसून ठरवलेलं असतं. इंधन वाचव, वेग कमी कर. सल्ला चांगलाच आहे, पण ती गाडीची तब्येत नव्हे.

इलेक्ट्रिक टॅक्सी चालवणाऱ्या एका दादांशी याबद्दल बोलणं निघालं. आधी त्यांच्याकडे सीएनजीची गाडी होती. या गाडीत रेसवरचा पाय उचलला की मोटर उलटी वीज बनवते, यालाच रीजन म्हणतात, आणि गाडी जड होते, म्हणून शहरात ब्रेक फार कमी लागतो. सुरुवातीला मागच्या सीटवरच्या लोकांना मळमळायचं, कारण दादा जुन्या सवयीने पाय एकदम उचलायचे. आता ते पाय इंच इंच सोडतात, क्लच सोडावा तसा. "पण ब्रेक वापरलाच नाही तर डिस्कवर गंज धरतो," ते म्हणाले, "पावसाळ्यात रात्रभर उभी राहिली की बघा. आणि हे पेडल काय सांगणार?" म्हणून पावसाळ्यात सकाळी पहिलं भाडं घ्यायच्या आधी ते रीजन शून्यावर टाकतात, मागे कुणी नाही हे आरशात बघून दोनदा जोरात ब्रेक मारतात, खर्रर्र आवाज गेला की रीजन परत दोनवर, आणि ॲप चालू करतात.