विश्लेषण : जुनी आलिशान ‘इस्टेट’ मोटार... व्होल्वो घ्यावी की मर्सिडीज?

सेडानसारखी बुटकी आणि मागे एसयूव्हीइतकी लांबरुंद डिकी असलेली स्टेशन वॅगन, म्हणजेच ‘इस्टेट’, भारतीय ग्राहकाने कधी फारशी आपलीशी केली नाही. त्यामुळेच जुन्या मोटारींच्या बाजारात ती मूळ किमतीच्या मानाने स्वस्तात मिळते. गिरगाव ते दादर या पट्ट्यातल्या ग्राहकासमोर अशा दोन डिझेल मोटारी येण्याची शक्यता अधिक : व्होल्वोची ‘व्ही ९० क्रॉस कंट्री’ आणि मर्सिडीज-बेंझची ‘ई-क्लास ऑल-टेरेन’. चुकीची गाडी निवडली, तर स्वस्ताईतून वाचलेले पैसे वर्षभरात गॅरेजमध्ये जाऊ शकतात.

दोन्ही मोटारींची कुळकथा काय?

व्ही ९० क्रॉस कंट्री जुलै २०१७ मध्ये भारतात आली. किंमत ६० लाख रुपये, दोन लिटरचे २३५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स. ई-क्लास ऑल-टेरेन सप्टेंबर २०१८ मध्ये ७५ लाखांना आली. तिचेही डिझेल इंजिन दोन लिटरचेच. शक्ती १९४ अश्वशक्ती, गिअर नऊ. दोन्ही परदेशातून तयार अवस्थेत आयात होत आणि दोन्हींत चारही चाकांना ताकद मिळते. कागदावर व्होल्वो अधिक जोरकस आहे, पण लालबागच्या पुलाखाली सिग्नलला उभे असताना ४१ अश्वशक्तींच्या फरकाला काही अर्थ उरत नाही.

भारतात ही जात का रुजली नाही?

कारण ती प्रतिष्ठेची वाटली नाही. अॅम्बेसेडरच्या इस्टेट रूपातल्या गाड्या अनेकांना रुग्णवाहिका म्हणूनच आठवतात. टाटांची ‘इस्टेट’ १९९२ मध्ये, तर मारुतीची ‘बलेनो अल्टुरा’ १९९९ मध्ये आली. दोन्हींचे चाहते आजही आहेत, ग्राहक मात्र तेव्हाही थोडेच होते. पुढे उंच एसयूव्हीने हा प्रकारच झाकोळून टाकला. घेणाऱ्यासाठी यात फायदा आहे, पण हीच गाडी उद्या विकताना गिऱ्हाईकही सहज मिळणार नाही, हे आधीच गृहीत धरावे.

परळ-लालबागमध्ये पहिला प्रश्न जागेचा का?

दोन्ही मोटारींची लांबी सुमारे ४.९४ मीटर आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीसाठी दोन मापांच्या जागा आहेत : मोठी २.५ बाय ५.५ मीटर आणि लहान २.३ बाय ४.५ मीटर. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत सदनिकेसोबत लहान जागा मिळाली असेल, तर यांपैकी कोणतीही गाडी तिथे मावणार नाही. अर्धा मीटर बाहेर राहील आणि तो अर्धा मीटर शेजाऱ्याच्या वाटेत असेल. एकावर एक गाड्या ठेवणाऱ्या यांत्रिक पार्किंगमध्ये फळीची लांबी आणि वजनाची मर्यादाही पाहावी लागते, कारण या मोटारी दोन टनांच्या आसपास भरतात. सोसायटीच्या कार्यालयातून ही मापे लेखी घेणे हे शोरूमच्या फेरीआधीचे काम. गिरगावात चाळीसमोर रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने तर आरसे दुमडूनही ती दोन दुचाकींच्या मधे कशी बसेल, हे एकदा फीत लावून मोजावे.

डिकीच्या बाबतीत मर्सिडीज सरस आहे. सीट उभ्या असताना ६४० लिटर, दुमडल्यावर १,८२० लिटर. व्होल्वोची डिकी ५६० लिटरची असून मागची काच अधिक तिरकी असल्याने उंच सामानाची अडचण होते. लालबाग-परळच्या कार्यशाळेतून घरची गणेशमूर्ती आणायची असेल, तर डिकीचा तळ खाली असल्याने ती उचलून ठेवणे सोपे जाते. छत मात्र एसयूव्हीइतके उंच नाही, तेव्हा प्रभावळीसह उंची आधी मोजलेली बरी.

हिंदमाताचे पाणी कोणाला झेपेल?

इथे पारडे फिरते. व्होल्वोचा तळ जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच आहे. मर्सिडीजचा नेहमीचा तळ बराच खाली असतो. हवेवर चालणारे सस्पेन्शन तो ३५ मिलिमीटर वर उचलते, तेही कमी वेगातच. खड्डे, उंचवटे आणि इमारतींचे तीव्र उतार यांत व्होल्वो निर्धास्त आहे. परंतु तळाची उंची म्हणजे पाण्यातून जाण्याची क्षमता नव्हे. महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात भूमिगत टाक्या बांधल्या असल्या, तरी मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आल्यावर हिंदमाता चौकात कोणतीही आलिशान मोटार घालणे महागात पडते. हवा ओढण्याच्या नळीतून पाणी आत गेले की इंजिन अडकते, आणि चालकाने ते पुन्हा सुरू केले तर आतले दांडेही वाकतात. साध्या सर्वंकष विम्यात हे नुकसान बहुधा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते आणि जुन्या गाडीला ते मिळेल का, हे सौद्याआधीच विचारावे.

विकायला आलेली गाडी आधीच पाण्यात राहून आलेली असू शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ पाहणे, गालिचा उचलणे, जादा चाकाच्या खोबणीत गंज शोधणे ही जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. ऑल-टेरेन रात्रभर उभी ठेवून सकाळी एखादा कोपरा खाली बसला आहे का, हेही पाहावे. बसला असेल तर हवेच्या रबरी पिशवीतून गळती असावी.

बीएस-४ आणि बीएस-६ चा फरक किती महत्त्वाचा?

सर्वाधिक महत्त्वाचा हाच. भारतात विकली गेलेली डिझेल व्ही ९० बीएस-४ मानकाची आहे, तर ऑल-टेरेन मानक बंधनकारक होण्याच्या दीड वर्ष आधीच बीएस-६ होती. दिल्लीत प्रदूषण वाढून निर्बंधांचा तिसरा टप्पा लागू झाला की बीएस-४ डिझेल मोटारी रस्त्यावर आणता येत नाहीत. मुंबईत असा नियम नाही. मात्र जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या सूचनेनंतर राज्य सरकारने पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या शक्यतेचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. व्होल्वोने तर मार्च २०२४ मध्ये आपली शेवटची डिझेल मोटार बनवली. अशा वातावरणात बीएस-४ गाडीचा पुढचा भाव आधी कोसळेल, हे उघड आहे.

बीएस-६ चीही एक खोड आहे. काजळी अडवणारी गाळणी स्वच्छ होण्यासाठी इंजिन काही काळ सलग, चढ्या तापमानावर चालावे लागते. रोज दादर ते गिरगाव अशी आठ-नऊ किलोमीटरची रखडत धाव असेल, तर गाळणी तुंबते आणि ती बदलणे खिशाला जड जाते. आठवड्यातून एकदा शिवडीहून अटल सेतूवरून नवी मुंबईला जाऊन येणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही. महिन्याला दोनशे किलोमीटरही न फिरणाऱ्याने मात्र या दोन्ही डिझेलांचा विचार सोडावा.

सुटे भाग मिळतील का?

इंजिन आणि गिअरबॉक्सचे भाग मिळतात, कारण ते त्या त्या कंपनीच्या इतर मोटारींतही आहेत. मर्सिडीजची ई-क्लास सेडान चाकणला जोडली जाते आणि तिचे सेवा केंद्रांचे जाळेही मोठे आहे. डिकीचे दार, मागची काच आणि दिवे मात्र फक्त इस्टेटचे. मागून रिक्षाने ठोकले तर भाग परदेशातून येईपर्यंत थांबावे लागते.

त्यामुळे पार्किंगची जागा मोठी असेल आणि अधूनमधून लांबचा प्रवास होत असेल, तर या पट्ट्यातल्या ग्राहकासाठी ऑल-टेरेन अधिक सुरक्षित. व्होल्वो घ्यायचीच असेल तर ती बरीच स्वस्त मिळायला हवी आणि घेणाऱ्याने ती पुन्हा विकण्याचा हिशेब डोक्यातून काढायला हवा.

कागदपत्रांत काय पाहावे?

अशा गाड्या पुष्कळदा कंपनीच्या नावावर असतात. तेव्हा संचालक मंडळाचा विक्रीचा ठराव, कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि आरसीवरचा बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ हवा. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. विक्रेत्याची ‘नो क्लेम’ सवलत त्याच्याकडेच राहते. दिल्लीहून आलेली गाडी तिथल्या दहा वर्षांच्या डिझेल नियमामुळे स्वस्त दिसते, पण तिला मूळ आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्रात नव्याने पथकर भरावा लागतो. वीस लाखांवरील डिझेल मोटारीसाठी हा दर १५ टक्के असून आयात किंवा कंपनीच्या नावावरील गाडीला तो अधिक आहे. वयानुसार त्यात घट मिळते. ती किती, हे ताडदेवच्या आरटीओतून विचारून मगच विसार द्यावा.