मोठी नगरी आणि मोठा खेळाडू

चार संघ ज्याला हाक मारतात, असा खेळाडू धनाढ्य नगरीकडे पाठ का फिरवतो? सांगलीच्या विजय हजाऱ्यांचेच पाहा. 1943 साली मुंबईच्या ब्रेबर्न मैदानावर शेष संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्याने काढणारा हा गृहस्थ रणजी करंडकात जवळजवळ वीस वर्षे खेळला, तो बडोद्याकडून. त्या काळी रणजी सामन्यांवर कोणाचे पोट भरत नसे. बडोदे संस्थानाने नोकरी दिली, वर खेळण्यास मोकळीकही दिली. जामुलच्या सिमेंट कारखान्यात दुरून येऊन स्थिरावलेल्या श्रोत्यांना कायम नोकरीचे मोल मी काय सांगावे! शिवाय सोबतही तोलामोलाची. 1947 च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे (288) आणि गुल महंमद (319) यांनी चौथ्या गड्यासाठी 577 धावा जोडल्या.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये तर पैसा अफाट. तरीही 2010 साली क्लिफ ली या चेंडूफेक्याने न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा, एकूण रकमेने मोठा असलेला, देकार नाकारला आणि तो फिलाडेल्फियास गेला. 2009 साली तो तेथेच खेळला होता. मैदान, सवंगडी, सारे ओळखीचे होते.