घरबसल्या कारकुनी : गिऱ्हाईक कोठें शोधावें?

संगणकाच्या साहाय्यानें घरीं बसून दुसऱ्याच्या कचेरीचें काम पाहणें, या व्यवसायास ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ हें नांव रूढ झालें आहे. पत्रव्यवहार सांभाळणें, भेटींच्या वेळा ठरविणें, बिलें तयार करणें, येणेंबाकीचें स्मरण देणें, असें त्याचें स्वरूप. कित्येक सुशिक्षित भगिनी परदेशांतील गिऱ्हाइकांची वाट पाहत बसतात. परंतु पहिलें गिऱ्हाईक पुष्कळदां आपल्याच पेठेंत असतें.

तें ओळखण्याची खूण म्हणजे ठराविक तारखेस तुंबणारें काम. १ जुलै २०१७ पासून जी. एस. टी. लागू झाला. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यास विक्रीचा तपशील पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावा लागतो. बिलें लावून तीं कर-सल्लागाराकडे वेळेवर पाठविणारें माणूस त्यास हवेंच असतें. सहकारी गृहसंस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आंत व्हावी लागते. त्या सुमारास चिटणिसांची उडणारी तारांबळ कोणास ठाऊक नाहीं?

अशांकडे ‘कांहीं काम आहे का?’ असें विचारीत जाऊं नये. एकच काम, त्याची मुदत व मोबदला कागदावर लिहून न्यावा. ओळखीच्या माणसाजवळ दाम सांगण्याचा संकोच ही येथील खरी अडचण; पण फुकट केलेल्या कामास मुदत राहत नाहीं आणि मानही राहत नाहीं.

शेवटीं एक पथ्य. गिऱ्हाइकाचा हिशेब शेजारीं बोलूं नये. चोख काम आणि फुटलेली गोष्ट, दोहोंची वार्ता पेठेंत सारख्याच वेगानें पसरते.