थाळीबाहेरचं मालवण

1 ऑगस्टला मासेमारीवरची पावसाळी बंदी उठली, दांडी किनाऱ्यावरच्या होड्यांची लगबग सुरू झाली आणि सुरमई-पापलेटच्या भावाच्या बातम्या दरवर्षीसारख्या आल्या. खानावळींच्या फळ्यांवर जुनीच नावं परतली. सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी, बांगडा थाळी. मुंबई-पुण्याहून आलेला माणूस हे खातो, सोलकढीचा दुसरा ग्लास मागवतो आणि मालवणी जेवण जेवलो असं समजून घरी जातो. मला त्याचं वाईट वाटतं. कारण मालवणी घरात पाहुण्यासमोर अभिमानाने जे वाढलं जातं, त्यातलं बहुतेक त्या फळीवर कधी लिहिलेलंच नसतं. कालवं, मुळे, तिसऱ्यांचं एकशिपी, गाबोळी, बाळंतिणीसाठी मुद्दाम आणलेली मोरी, पावसात तव्यावर खमंग होणारा गोलमो. घरच्या पंगतीतले हे खरे मानकरी आहेत.

कालवांपासून सुरुवात करतो, कारण माझा जीव तिथेच अडकलाय. दिवाळीनंतर समुद्र निवळला की अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या सुकतीला खडक दूरपर्यंत उघडे पडतात. बायका टोकदार लोखंडी हत्यार आणि एखादं भांडं घेऊन उतरतात. कालवाची खालची शिंप खडकाला कायमची चिकटलेली असते, ती सुटत नाही. वरच्या शिंपेच्या कडेवर नेमका घाव घालायचा, झाकण उडवायचं आणि आतला मऊ गर न फाटता उचलायचा. खडक निसरडा, कडा ब्लेडसारख्या, आणि भरती परतायच्या आत काम आटपायचं. वाटाभर कालवांमागे दोन-तीन तासांचं ओणवं बसणं असतं. बाजारात कुणी भाव पाडून मागितला की त्या बाईच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते पाहिल्यापासून मी कालवांचा भाव कधी केला नाही.

आचऱ्याच्या एका काकींकडे मी कालवं शिजवायला शिकलो. पहिल्याच दिवशी गर स्वच्छ करायचा म्हणून भांड्यातलं पाणी बाहेर ओतायला गेलो, तर त्यांनी हात धरला. “ह्या पानी फेकलंस तर कालवां खाल्लंस कशाक?” त्यांनी ते पाणी फडक्यातून गाळलं, कच बाजूला काढली आणि कांदा परतून झाल्यावर तेच पाणी कढईत घातलं. कालवं सगळ्यात शेवटी, एक उकळी येईपर्यंत. जास्त वेळ ठेवली की रबर होतात. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप थोडंच, कोकमं दोन-तीन, बस्स.

त्या पाण्यात एवढं काय असतं? याचं उत्तर मिठात आहे. खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. एवढ्या खारटपणात जगायचं तर शरीरातलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून बहुतेक जिवांना आतून काहीतरी भर घालावी लागते. कालवं, तिसऱ्या, कोळंबी यांच्या पेशी त्यासाठी ग्लायसीन, अॅलनीन, ग्लुटामेट अशी अमिनो आम्लं साठवतात. यातली पहिली दोन जिभेला गोडसर लागतात, तिसरं ती भरीव, तोंडात रेंगाळणारी चव देतं. म्हणजे त्या जिवाने जगण्यासाठी केलेली तरतूद हीच आपल्यासाठी चव असते. पावसात खाडीला गोडं पाणी उतरलं की ही तरतूद कमी होते. पावसातली खाडीची कालवं फिकी लागतात असं काकी म्हणतात, ते अगदी बरोबर आहे.

मोरीचंही तसंच. हा आपला लहान शार्क. तो मिठाचा तोल सांभाळायला अंगात युरिया साठवतो. मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात, म्हणून शिळ्या मोरीचा वास नाकात बसतो आणि ज्याने अशी मोरी एकदा खाल्ली तो परत तिच्या वाटेला जात नाही. घरातल्या बाया मोरी ताजीच घेतात, गरम पाण्याने तिची खरखरीत कातडी काढतात, पुन्हापुन्हा धुतात आणि भाजल्या मसाल्याचं दाट सांबारं करतात. बाळंतिणीला दूध येतं म्हणून लहान मोरी शोधून आणण्याची रीत किनारपट्टीवर घरोघरी आहे. हाडांच्या माशांत युरियाच्या जागी मुख्यतः दुसरंच एक द्रव्य असतं. मासा मेल्यावर त्यापासून ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं, आणि ‘माशाचा वास’ म्हणतात तो हाच. आम्लाशी गाठ पडली की हे ट्रायमिथाइलअमाइन हवेत उडत नाही. कोकमाचं आमसूल बांगड्याच्या तिखल्यात का पडतं, याचं हे रसायन. तिरफळाचं काम वेगळं. ते जिभेला हलकी झिणझिणी आणतं आणि चीनच्या सिचुआन प्रांतातल्या मिरीचं सख्खं भावंड आहे. ठेचून घालायचं, चघळायचं नाही.

घरच्या पंगतीचा आणि मिठाचा हाच धागा मला पोलंडपर्यंत घेऊन गेला. मालवणहून घाट चढून कोल्हापूरला गेलं की शहराजवळ वळिवडे आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत मुलखातून सुटलेले सुमारे 5,000 पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत राहिले. त्यांची शाळा, चर्च, नाटकं सगळं तिथे उभं राहिलं. त्या लोकांच्या घरच्या सगळ्यात मोठ्या जेवणाबद्दल मी वाचत गेलो आणि मला आमचीच पंगत दिसायला लागली.

24 डिसेंबरच्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसेपर्यंत पोलिश घरांत उपास. मग टेबलावर, चादरीखाली थोडं गवत पसरून, बारा पदार्थ. मांस वर्ज्य, मासे चालतात. एक ताट रिकामं ठेवायचं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. तेलात किंवा सायीत मुरवलेला खारा हेरिंग, बीटाचं आंबट सूप, आणि मधोमध कार्प. तळलेला, नाहीतर स्वतःच्या रसाच्या थंड जेलीत थिजवलेला. आपल्याला ती जेली विचित्र वाटेल. त्यांना आपली मुळ्यांची शिंप चोखण्याची पद्धत तशीच वाटेल.

पण किनारा असलेल्या देशाच्या मुख्य पंगतीत तळ्यातला कार्प का? पुन्हा मीठ. बाल्टिक समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण सातच ग्रॅम क्षार आहेत. एवढ्या गोड्या पाण्यात कालवं टिकत नाहीत, शिंपले असले तरी खुजे राहतात. म्हणून खाऱ्या पिंपातला हेरिंग आणि तळ्यातला कार्प. युद्धानंतर मासेमारीचा ताफा उद्ध्वस्त झाला होता, तेव्हा हिलरी मिंट्स या मंत्र्याच्या काळात सरकारने तळ्यांमधला कार्प घराघरांत पोहोचवला आणि तो पक्का झाला. लोक जिवंत कार्प आणून चार दिवस न्हाणीच्या टबात ठेवत. पोरं त्याला नाव ठेवत, मग रडत. टबाचं एक कारण होतं: तळ्यातल्या माशाला मातकट वास असतो आणि स्वच्छ पाण्यात ठेवला की तो उतरतो. पहिल्या पावसात आमच्याकडे शेतातून चढणीचे मासे येतात, त्यांना मीठ आणि कोकम चोळून ठेवतात ते याच मातकटपणासाठी. कार्पचं एक खवल पाकिटात ठेवलं की वर्षभर पैसा टिकतो अशी त्यांची समजूत. आमच्याकडे कुर्ल्या अमावास्येला भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ असतात, ही.

पोलिश घरांनी आपलं विचित्र जपलं आणि सणाच्या ताटात मधोमध ठेवलं. आम्ही आमचं मागच्या पडवीत ठेवलंय. थाळीचा मला राग नाही, तिच्यावर कित्येक घरं चालतात. पण थाळी चार-पाच माशांवर उभी आहे आणि तेवढ्या चार-पाच माशांवर समुद्र चालत नाही. मागणी सुरमईची, म्हणून हातभर होण्याआधीच ती जाळ्यात येते. 2023 साली राज्याने 54 प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याखालचा मासा पकडायचा नाही. पर्ससीनवरचे निर्बंध 2016 पासून आहेत. हे नियम चांगलेच आहेत, मी त्यांच्या बाजूने आहे, पण किनाऱ्यावर त्यांची अंमलबजावणी ताटातूनही व्हायला हवी. कालवं, तिसऱ्या, पेडवे, तारले हे लवकर वाढणारे, अन्नसाखळीत खाली असलेले जीव. त्यांना मान मिळाला तर सुरमईला श्वास घेता येईल. आणि मोरीबद्दल मला माझंच मत बदलावं लागलं. शार्क उशिरा वयात येतात, पिल्लं मोजकी देतात, आणि 2022च्या दुरुस्तीनंतर त्यांतल्या अनेक जाती वन्यजीव कायद्याखाली आल्या आहेत. बाळंतिणीची गोष्ट वेगळी, एरवी मोरी मी आता मागत नाही. गाबोळीही आयती मिळाली तरच, कारण ती गाभण मासळीची अंडी.

कालवांची शेती करता येते, हे इथे कांदळवन विभागाच्या योजनांमधून खाडीकाठच्या बचत गटांनी दाखवलंय. दोरीला शिंपा लटकवून, खडकाला हात न लावता. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका पर्यटकांना कांदळवन दाखवतात, तसं कुणीतरी त्यांना कालवांचं ताटही वाढावं, असं मला मनापासून वाटतं. स्वच्छ खाडीतली, सांडपाण्यापासून दूरची, कारण कालव पाणी गाळून जगतं आणि पाण्यातलं वाईटही पोटात ठेवतं.

सध्या मात्र श्रावण आहे. बंदी उठली तरी निम्म्या घरांत मासे नाहीत, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय काही घरांत होडीही नाही. काकींकडे गेल्या शनिवारी गेलो तर चुलीवर पेज होती आणि भाजीला अळू. माळ्यावरच्या बरणीतला गोलमो सांभाळून ठेवलाय. कालवांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “दिवाळी होवंदे. खाडयेत अजून गोडाच पानी आसा.”