‘ऐच्छिक’ या शब्दाची किंमत

चतुर्थीचे विसर्जन आटोपले की गोमंतकात दसऱ्याचे वेध लागतात आणि ज्या घरात नवी गाडी यावयाची असते त्या घरातील मंडळींचे पाय मोटारींच्या शोरूमकडे वळू लागतात. मुहूर्ताच्या दिवशी गाडीला झेंडूची माळ पडते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, किल्ली घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती दिली जाते आणि तेथून गाडी थेट ग्रामदैवतासमोर गाऱ्हाणे घालण्यासाठी जाते. हा आनंद निर्मळ आहे आणि तो कष्टाच्या पैशातून आलेला आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटारगाडी असल्याचे आढळले. देशातील दुसऱ्या कोणत्याही राज्यात हे प्रमाण इतके नव्हते. तेव्हा आज आम्ही वाचकांपुढे मांडत असलेला प्रश्न मूठभर धनिकांचा नाही. तो शिक्षकाचा आहे, कारकुनाचा आहे, बागाईतदाराचा आहे आणि आखातात उमेदीची वर्षे घालवून परतलेल्या कामगाराचाही आहे.

गाडी पसंत करणे आणि किल्ली हाती पडणे, या दोहोंच्या मध्ये शोरूममधील एक टेबल असते. गाडीच्या रंगाविषयी घरात आठ दिवस खल झालेला असतो. या टेबलावरील कागदांवर मात्र आठ मिनिटांत सह्या होतात. ‘ऑन रोड’ किंमत म्हणून एकच आकडा सांगितला जातो. त्या आकड्याच्या पोटात गाडीची मूळ किंमत असते, रस्ता कर असतो, नोंदणी शुल्क असते, विमा असतो. त्याशिवाय झीरो डेप्रिसिएशन, इंजिन संरक्षण, रिटर्न टू इन्व्हॉइस, टायरचे संरक्षण, किल्ली हरवल्यास भरपाई, रस्त्यावरील मदत, एक्स्टेंडेड वॉरंटी, गंजरोधक लेप आणि कर्ज फेडण्यापूर्वी कर्जदार दगावल्यास कामी येणारा जीवविमा, अशी एक लांबलचक यादीही असते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी येथे स्थिती नसली, तरी मसाल्याची किंमत कोंबडीच्या किमतीत मिसळून सांगितली जाते, हे मात्र खरे. या यादीतील बहुतेक बाबी ऐच्छिक असतात. परंतु ‘ऐच्छिक’ हा शब्द त्या टेबलावर क्वचितच उच्चारला जातो.

कायद्याने सक्तीचे काय आहे, हे प्रथम स्पष्ट झाले पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमान्वये तृतीय पक्षाचा विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा विमा, प्रत्येक वाहनाला अनिवार्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी हा विमा एकदम तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा हप्ता सरकारी दरपत्रकानुसार ठरतो, त्यामुळे त्यात घासाघीस नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र कायद्याने सक्तीचा नाही. कर्ज देणारी बँक तो घेण्याची अट घालते आणि ती अट वाजवी आहे. परंतु तो विमा कोणत्या कंपनीचा घ्यावा, हे ठरविण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. २००७ पासून या विम्याचे दर खुले झालेले आहेत. एकाच गाडीसाठी दोन कंपन्यांचे हप्ते निरनिराळे असू शकतात. शोरूममध्ये सांगितलेला आकडा हा त्यांपैकी एक आकडा आहे, एवढेच.

दुसरी सक्ती आहे ती मालक-चालकाच्या १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात विम्याची. ही सक्ती माणसामागे आहे, वाहनामागे नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ज्याच्याकडे तेवढ्या रकमेचा वैयक्तिक अपघात विमा आधीपासून आहे, त्याने नव्या गाडीबरोबर तो पुन्हा घेण्याचे कारण नाही. आपल्याकडे एकाच नावावर मोटार आणि एकदोन स्कूटर असणे ही सामान्य गोष्ट आहे. अशा घरात एकाच संरक्षणासाठी दोनदा आणि तीनदा पैसे भरले जात असतील, तर त्यास अज्ञानाखेरीज दुसरे नाव नाही.

याचा अर्थ ऐच्छिक ते सर्व टाकाऊ, असा आम्ही काढीत नाही. झीरो डेप्रिसिएशनचेच पाहा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो. अपघातात २० हजार रुपयांचा बंपर बदलावा लागला, तर १० हजार मालकाच्या खिशातून जातात. हल्लीच्या गाड्यांत प्लास्टिकचा भाग किती असतो आणि आमचे रस्ते किती अरुंद असतात, हे लक्षात घेता पहिली काही वर्षे हे संरक्षण घेणे शहाणपणाचे ठरते. इंजिन संरक्षणाचेही तेच. २३ जुलै २०२१ च्या महापुरात सत्तरी आणि डिचोली भागांत पाणी घराघरांत शिरले होते. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या खटपटीत निकामी झाले, तर साधी पॉलिसी बहुधा ते नुकसान भरून देत नाही. नदीकाठी किंवा सखल भागात राहणाऱ्याने या संरक्षणाचा विचार अवश्य करावा. पठारावर घर असलेल्या आणि पावसाळ्यात गाडी फारशी बाहेर न काढणाऱ्या निवृत्त गृहस्थाला मात्र त्याची तितकीच गरज आहे काय, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारावा.

रिटर्न टू इन्व्हॉइस या संरक्षणामागेही तर्क आहे. विम्याच्या हिशेबी नव्या गाडीचे मूल्य मूळ किमतीच्या ९५ टक्के धरतात, एक ते दोन वर्षांच्या गाडीचे ८० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीचे ५० टक्के. गाडी चोरीस गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर हे मूल्य आणि खरेदीची रक्कम यांतील तफावत हे संरक्षण भरून काढते. मोठे कर्ज काढून गाडी घेणाऱ्याला त्याचा आधार वाटू शकतो. याउलट रस्त्यावरील मदत अनेकदा उत्पादकाकडून वॉरंटीबरोबर मिळालेलीच असते आणि ती वेगळी विकत घेणे म्हणजे घरच्या विहिरीचे पाणी पैसे मोजून पिणे. एक्स्टेंडेड वॉरंटी तर मूळ वॉरंटी संपल्यानंतरच लागू होते. बहुतेक ठिकाणी मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती घेता येते, मग ती किल्ली घेण्याच्या दिवशीच घेण्याची घाई कशासाठी? शिवाय क्लच, ब्रेक यांसारखे झिजणारे भाग तीत सहसा येत नाहीत. कर्जाला जोडलेल्या जीवविम्याविषयी बोलायचे तर, ज्याने आपल्या कुटुंबासाठी पुरेसा मुदतीचा विमा आधीच उतरविला आहे त्याला त्याची गरज नसते. ज्याने तो उतरविलेला नाही, त्याने केवळ मोटारीच्या कर्जापुरता विमा घेऊन निर्धास्त राहू नये.

खरा घोटाळा होतो तो ही सारी रक्कम कर्जात मिसळली जाते तेव्हा. समजा, ऐच्छिक बाबींचे ६० हजार रुपये कर्जात घातले आणि कर्ज साडेनऊ टक्के दराने पाच वर्षांचे आहे. महिन्याचा हप्ता केवळ १,२६० रुपयांनी वाढला, असे सांगितले जाते आणि ग्राहकाला ती रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु पाच वर्षांत त्या ६० हजारांचे ७५ हजार ६०० होतात. त्याहून मोठी विसंगती अशी की, त्यांतील झीरो डेप्रिसिएशन, इंजिन संरक्षण यांसारख्या बाबी सामान्यतः वर्षभराच्या असतात. वर्ष संपले की संरक्षण संपते. हप्ते पुढे चार वर्षे चालू राहतात आणि दुसऱ्या वर्षीच्या विम्यासाठी पुन्हा नवे पैसे मोजावे लागतात. संपलेल्या तेलाचे पैसे फेडीत अंधारात बसावे, तसा हा प्रकार आहे.

यात केवळ विक्री करणाऱ्या तरुणाला दोष देऊन भागणार नाही. तोही आपल्याच गावचा मुलगा असतो. त्याच्या डोक्यावर महिन्याच्या लक्ष्याचे ओझे असते. गाडीच्या विक्रीत वितरकाला सुटणारा नफा मर्यादित असतो आणि त्याची भरपाई विमा, कर्ज व जोडबाबी यांवरील दलालीतून केली जाते. व्यवसाय म्हटला की नफा आला, त्याविषयी आमची तक्रार नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून वितरकांच्या या विमाविक्रीला नियमांच्या चौकटीत आणले. पुढे प्राधिकरणाच्याच समितीने जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे सुचविले की, गाडीचे पैसे आणि विम्याचा हप्ता एकाच धनादेशाने न घेता ग्राहकाने हप्ता थेट विमा कंपनीला द्यावा, म्हणजे आपण विम्यासाठी नेमके किती मोजतो हे त्याला कळेल. सूचना साधी होती. परंतु रोगाचे मूळ तिने अचूक ओळखले होते. दोन गोष्टी एकाच रकमेत बांधल्या की त्यांतील एकीला नकार देणे अवघड होते.

परदेशांतही हा रोग नवा नाही. इंग्लंडमध्ये आपल्याकडील रिटर्न टू इन्व्हॉइसशी नाते सांगणारा ‘गॅप’ विमा मोटारविक्रेते विकतात. तेथील वित्तीय नियामकाने १ सप्टेंबर २०१५ पासून असा नियम केला की, विक्रेत्याने माहितीचा कागद ग्राहकाच्या हाती दिल्यानंतर मध्ये दोन पूर्ण दिवस जाऊ द्यावेत आणि मगच तो विमा विकावा. अमेरिकेत संघीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला काडीचा लाभ नसलेल्या जोडबाबी विकण्यास मनाई करणारा नियम जाहीर केला. परंतु विक्रेत्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये कार्यपद्धतीतील उणिवेवर बोट ठेवून तो नियम रद्द करण्यात आला. श्रीमंत देशांतील ग्राहकालाही या टेबलावर कायद्याचा आधार लागतो, हा यातून घ्यावयाचा धडा आहे.

आपल्याकडे कर्जाच्या बाबतीत असा आधार आता मिळालेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर मुख्य तपशिलांचा एक तक्ता देणे बंधनकारक झाले. तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा, बँकेने वसूल केलेला विम्याचा खर्चही वार्षिक दरात धरून वेगळा दाखवावा, तक्त्यात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून घेऊ नये आणि सात दिवस वा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी तो तक्ता किमान तीन कामकाजाचे दिवस ग्राह्य राहावा, असे त्यात म्हटले आहे. कर्जाचा कागद घरी नेऊन तीन दिवस वाचण्याची सोय असेल, तर त्याच टेबलावर त्याच कर्जात मिसळल्या जाणाऱ्या जोडबाबींसाठी ती का नसावी? आमची मागणी एवढीच आहे. प्रत्येक ऐच्छिक बाबीपुढे तिची किंमत आणि मुदत लिहिलेला एक स्वतंत्र कागद मराठीत व कोकणीत मिळावा, त्यावर ‘हे सक्तीचे नाही’ असे ठळक छापलेले असावे, सही प्रत्येक बाबीपुढे वेगळी घ्यावी आणि सहीपूर्वी ग्राहकाला दोन रात्री विचारास मिळाव्यात. यासाठी मोठ्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गोव्यातील वितरकांनी आपण होऊन ही प्रथा पाडली, तर त्यांचा लौकिक वाढेल.

तोवर वाचकांनी आपले रक्षण आपणच करावे. मुहूर्ताच्या निदान आठवडाभर आधी सारा हिशेब बाबवार लिहून मागावा. विम्याचा हप्ता दुसऱ्या दोन कंपन्यांकडे विचारून पाहावा. प्रत्येक बाबीसंबंधी एकच प्रश्न विचारावा : हे घेतले नाही तर गाडी मिळणार नाही काय? उत्तर लेखी मागितले की बहुतेक अडचणी आपोआप दूर होतात. तरीही सक्ती झाली, तर विमा कंपनीच्या तक्रार कक्षापासून विमा लोकपालापर्यंत आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालील जिल्हा आयोगापर्यंत दाद मागता येते.

पारतंत्र्याच्या काळात या भूमीतील कितीतरी माणसांनी परक्या भाषेतील, न वाचता येणाऱ्या कागदांवर सह्या आणि अंगठे केले. १९ डिसेंबर १९६१ रोजी ती राजवट संपली. आज समोरचा कागद परक्या सत्तेचा नाही आणि नकार दिला म्हणून कोणी तुरुंगात टाकणार नाही. तरी घरच्यांसमोर, हारतुऱ्यांच्या गडबडीत, ‘एवढ्या मोठ्या गाडीत एवढ्याशासाठी काय खळखळ करायची’ या संकोचाने आपण सही करून मोकळे होतो. संकोचाने दिलेली संमती ही संमती नव्हे. ज्या गोष्टीला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक आहे, तिलाच ऐच्छिक म्हणावे. आणि ती मोकळीक वापरणे हे कंजूषपणाचे नव्हे, जागृत नागरिकाचे लक्षण आहे. देवापुढे गाऱ्हाणे घालण्यापूर्वी कागद वाचून घेतला, तर देवाकडे मागावयाचे एक मागणे कमी होईल.