घडीचं गणित आणि कपाटातली जागा

कपाट ओसंडायला लागलं की घरात एकच सल्ला ऐकू येतो: घड्या बारीक घाला. हा सल्ला अर्धाच खरा आहे. चार पदरी घडी आठ पदरी केली तर ती निम्म्या जागेत बसते खरी, पण तिची जाडीही दुप्पट होते. कापड तेवढंच राहतं. घडीमुळे जागा वाचते ती दोन प्रकारे. पदरांमध्ये अडकलेली हवा हात फिरवून बाहेर काढली तर थोडी वाचते आणि घडी कप्प्याच्या मापाची झाली तर बरीच वाचते. या दुसऱ्या बचतीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

समजा, कप्पा आतून ९० सेंटिमीटर रुंद आहे. लाँड्रीतून आलेली शर्टाची घडी साधारण २५ सेंटिमीटर रुंद असेल, तर शेजारी शेजारी तीन चवडी बसतात आणि १५ सेंटिमीटर उरतात. कप्प्याचा सहावा भाग असा मोकळा पडतो आणि मग त्यात ओढण्या, रुमाल, बेल्ट कोंबले जातात. हीच घडी २२ सेंटिमीटरची केली की चौथी चवड मावते. खोलीच्या बाबतीतही तेच. कप्पा ४५ सेंटिमीटर खोल आणि घडी ३५ची असेल, तर मागची पट्टी वर्षानुवर्षं रिकामी राहते, किंवा तिथे हरवलेले मोजे सापडतात. म्हणून आधी टेपने कप्पा मोजायचा आणि मग घडीचं माप ठरवायचं. पुठ्ठ्याचा एक तुकडा त्या मापाने कापून ठेवला आणि त्यावर कपडे दुमडले, तर घरातल्या सगळ्यांच्या घड्या एकसारख्या होतात.

दुसरा गैरसमज उभ्या घडीचा. मारी कोंडो या जपानी लेखिकेचं आवराआवरीवरचं पुस्तक गाजलं, २०१९मध्ये नेटफ्लिक्सवर तिची मालिका आली आणि कपडे पुस्तकांसारखे उभे ठेवायची पद्धत आपल्याकडेही पोहोचली. पद्धत उत्तम आहे, पण ती ड्रॉवरसाठी आहे. ड्रॉवरला चारही बाजूंनी भिंती असतात, म्हणून घड्या एकमेकींना टेकून उभ्या राहतात. आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षं घराघरांत उभी आहेत ती लोखंडी कपाटं; गोदरेजने ती १९२३पासून बनवायला घेतली. त्यांच्या उघड्या कप्प्यांना पुढची भिंत नसते. तिथे उभी घडी एक कपडा काढला की पुढे कोसळते, आणि दोन दिवसांत माणूस वैतागून पुन्हा चवड लावतो. दोष माणसाच्या शिस्तीचा नाही. कप्प्यात बुटांचा रिकामा खोका किंवा प्लॅस्टिकचा ट्रे ठेवला की भिंती मिळतात आणि तीच पद्धत चालते.

त्यातही मापाला महत्त्व आहे. ७० सेंटिमीटर लांबीच्या टी-शर्टच्या दोन्ही बाजू बाह्यांसकट आत घ्यायच्या, लांबी निम्मी करायची आणि मग तिचे तीन भाग दुमडायचे. घडी सुमारे १२ सेंटिमीटर उंच होते आणि १५ सेंटिमीटर खोल ड्रॉवरमध्ये नीट बसते. उभ्या घडीचा खरा फायदा मात्र निराळा आहे. सगळे कपडे एका नजरेत दिसतात, आणि चवडीतला तळाचा कपडा ओढताना वरचे विस्कटतात तसं इथे होत नाही. रोजच्या कपड्यांसाठी मला हीच पद्धत सर्वांत योग्य वाटते.

गुंडाळीने जागा वाचते, हेही सरसकट खरं नाही. गोल वस्तू सरळ रांगांत एकमेकींना खेटून ठेवल्या तर मधल्या फटींत सुमारे २१ टक्के जागा मोकळी राहते. कपडे मऊ असल्याने दाबले जातात आणि फटी कमी होतात, त्यामुळे प्रवासाच्या बॅगेत गुंडाळी सोयीची पडते. तीक्ष्ण घडी पडत नाही हा तिचा मोठा गुण. चौकोनी ड्रॉवरमध्ये मात्र सपाट घडीच सरस ठरते. मोज्यांचा गोळा तर करूच नये. एका मोज्याचं इलॅस्टिक सतत ताणलेलं राहून सैल पडतं.

हँगरबद्दल थोडक्यात. तो ४० ते ४५ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणून कपाट ५५-६० सेंटिमीटर खोल लागतं. शिवाय लटकलेल्या शर्टांखालची जागा बहुधा वाया जाते. विणलेला स्वेटर हँगरवर स्वतःच्या वजनाने खांद्याशी ओघळतो. तो घडीतच हवा.

कपडे कोंबून भरले की घडी आपोआप इस्त्रीसारखी बसते, असंही अनेकांना वाटतं. पण सुती धाग्यातले बंध ओलाव्याने सैल होतात आणि कापड ज्या आकारात वाळेल तो आकार धरून ठेवतात. दमट कपडा दाटीवाटीत वाळला तर चुण्याच पक्क्या होतात, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात बुरशीही धरते. कपडा पूर्ण वाळल्यावरच घडी घालावी आणि चवडीत हात सहज सरकेल इतकी मोकळीक ठेवावी.

पैठणीचा न्याय वेगळा. तिथे जागा वाचवायचा मोह धरूच नये. जर म्हणजे धाग्याभोवती गुंडाळलेला धातू; एकाच रेषेवर वर्षानुवर्षं दुमडला की तो तिथेच तुटतो, आणि रेशीमही त्या रेषेवर विरतं. दर तीन-चार महिन्यांनी साडी उघडून घडी बदलावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो आणि जर काळी पडू शकते, म्हणून साडी धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवावी. हवा काढून घेणाऱ्या पिशव्या रजई-गोधड्यांपुरत्या ठीक आहेत, पैठणीसाठी नकोत.

राहता राहिल्या डांबरगोळ्या. घडी करून ठेवलेल्या प्रत्येक कपड्यात त्या हव्यातच, ही समजूत धोक्याची आहे. कपडे खाणाऱ्या पतंगांच्या आणि भुंगेऱ्यांच्या अळ्यांना लोकर आणि रेशीम लागतं. स्वच्छ सुती कपड्यांच्या वाटेला त्या सहसा जात नाहीत. या गोळ्यांतलं नॅप्थलीन हवेत उडून कापडात मुरतं. काही बाळांच्या शरीरात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची कमतरता असते. अशा बाळांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाला हा दोष आहे की नाही हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसतं. म्हणून थोरल्याची झबली, टोपडी, दुपटी धाकट्यासाठी जपून ठेवत असाल, तर त्यांत डांबरगोळी टाकू नका. धुऊन, कडक उन्हात वाळवून, सुती कापडात बांधून ठेवा. आणि ट्रंकेतून काढलेल्या दुपट्याला त्या गोळ्यांचा वास येत असेल, तर ते बाळाला गुंडाळू नका.